पिंगळ्यांचा ळ

पिंगळ्यांचं कूळ काळालाही पुसता येणार नाही, असं फरीदाबादचे विश्वास पिंगळे ठणकावून सांगत. उद्या पानिपतच्या काला अंब स्मारकापाशी तिथल्या लढाईत पडलेल्या पूर्वजाबद्दल बोलायचं म्हणून त्यांनी वंशावळीच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘पिंगळे’ शोधलं. एकही सापडला नाही.

“दोनशे माणसं गिळली या भिकारड्यानं!” ते कडाडले.

सगळी नावं टाइप करणारी लेक देविका आतून म्हणाली, “बाबा, ‘पिंगले’ टाका ना यार.”

दोनशेच्या दोनशे हजर झाले.

“दिल्लीकडे वाढलीस म्हणून घराण्याचा ळ खाल्लास? आणि ल-ळ एकत्र शोधायला याला काय धाड भरली होती?”

“मी दारावरची पाटी बघून टाइप केलं.”

विश्वासराव तरातरा दाराशी गेले. पाटीवर ‘विश्वास पिंगले’ असंच होतं, गेली एकोणीस वर्षं.