निबरवाडीची ट्रॉली

मी सांगितलेलं आजवर कुणी खरं मानलेलं नाही, आणि हे तर तुम्ही मुळीच मानणार नाही. तुमचं बरोबरच आहे. पण ज्यांनी ते जसंच्या तसं मानलं, अशी शहाणी माणसं आमच्या गावात आहेत, आणि ती मतदानही करतात.

पाथर्डीच्या पुढं, माळावर आमचं गाव. दिवाळी झाली की निम्मं गाव ऊसतोडीला कोपरगावकडं जातं. त्या सकाळी मारुतीच्या पारापुढं ट्रॅक्टर उभा होता, मागं दोन ट्रॉल्या. ड्रायव्हर डिझेल आणायला गेला होता. ट्रॉलीत पत्रे, बांबू, भांडी, डालग्यातल्या कोंबड्या, आणि एका गाठोड्यावर रामहरीची रेश्मा. नववीतली पोर. शाळेची घंटा झाली तशी तिनं मान तिकडून फिरवली आणि कोंबड्यांकडं बघत बसली.

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटं माणूस म्हणजे अर्धा. रामहरीच्या बायकोची, सविताची, कंबर मोळ्या वाहून वाहून कामातून गेली, म्हणून यंदा तिच्या जागी पोरगी. आमच्याकडं हे असंच. बैल थकला की खोंड जुंपायचं. अशी गेलेली पोर दहावीच्या वर्गात परत कुणी पाहिलेली नाही. तिला पाहायचं ते एकदम मांडवात.

मी म्हणालो, "रामहरी, पोरीला खाली घे. तिच्या आईपाशी राहील, शाळा करील."

"शाळा करून काय व्हतंय आबा? ऊस काय पुस्तक बघून तुटतो?"

पारावर हशा झाला. आमच्या गावाला हसायला एवढं पुरतं.

त्यात तोडणीची टोळी नेणारा मुकादम बजरंग पुढं आला. या माणसाचा गॉगल भर पावसातही उतरत नाही. चौथीत तो इतकी वर्षं बसला की बाकाला त्याचा आकार आला होता. "शिकलेली पोरं नागापूरला कंपनीत बारा-बारा तास हुबी ऱ्हात्यात आबा," तो म्हणाला. "आन मला बघा. कुटं अडलंय माझं?"

"तुझं कसं अडंल? अडायला आधी चालावं लागतं," मी म्हणालो.

रामहरीला मुकादमापुढं चेव आला. छातीवर हात मारून म्हणाला, "आबा, शाळंतलं एक तरी कामाला आलेलं दावा. आत्ता, हितंच. लगीच उतरवतो पोरीला. मी एकटा जाईन, अर्धा कोयता म्हनून."

"मारुतीपुढं बोलतोयस."

"मारुतीपुढंच बोलतोय!"

"दावतो. पण आधी निबरवाडीचं ऐक."

निबरवाडी म्हणजे तुमच्या-आमच्यासारखंच गाव, फक्त थोडं जास्त. तिथल्या लोकांनी ग्रामसभा भरवून ठरवलं की शिकून काही होत नाही. शाळा बंद. वर्गात कडबा रचला. फळा सरपंचाच्या गोठ्याला दार म्हणून बसवला. घंटा बैलाच्या गळ्यात बांधली, तर बैल घंटा वाजली की औत सोडून घरी जायला लागला. सगळ्या गावात तेवढाच एक शाळेच्या वळणाचा उरला होता.

आता अक्षर हे पाहुण्यासारखं असतं. विचारलं नाही की उठून जातं. निबरवाडीतून आधी जोडाक्षरं गेली, मग साधी गेली, शेवटी आकडेही गेले. एसटी कुठली ते कळेना, म्हणून येईल तीत बसायचे आणि जिथं उतरतील तिथल्याच नातेवाइकाकडं जेवायचे. एका म्हाताऱ्याला खोकल्याचं म्हणून बैलाचं जंताचं औषध पाजलं. म्हातारा वाचला, पण रवंथ करायला लागला.

"आसं व्हतं खरं," पारावरून कुणीतरी म्हणालं. "आमच्या मावळनीचा सासरा करायचा."

बघा.

तर दिवाळीनंतर निबरवाडीच्या ट्रॉल्या कोपरगावला निघाल्या. मीही त्यांत होतो, कोपरगावला बहीण आहे माझी. कोल्हारला फाटा आला. पाटी ही एवढी, म्हशीएवढी. कुणाला वाचता येईना. त्यांच्या मुकादमानं चपला फेकून कौल बघितला आणि म्हणाला, डावीकडं घ्या.

"आबा, तुमाला तर वाचता येतंय," ट्रॉलीला टेकून उभी असलेली सविता म्हणाली. "मग तुमी का न्हाई सांगितलं?"

"सांगितलं की. तर म्हणाले, वाचनारा मानूस अपशकुनी, त्याला मागच्या ट्रॉलीत बसवा."

सविता हसली नाही. ती रेश्माकडं बघत होती.

गेलो ते थेट भंडारदऱ्याला. डोंगर, धुकं, आणि पुरुषभर उंच गवत. मुकादम म्हणाला, "यंदा ऊस बारीक हाय." आणि घातले की कोयते! डोंगरच्या डोंगर तासले, मोळ्या बांधल्या. तिथल्या माणसांनी विचारलं, काय करताय? ऊस तोडतोय म्हटल्यावर ती माणसं झाडाला धरून हसली. यांना वाटलं, डोंगरातली अडाणी माणसं, ऊस कधी बघितलेला नसणार.

आता माल कारखान्यावर न्यायचा कसा? ट्रॅक्टर चढावर मेलेला. मग मुकादमानं डोकं लढवलं. ट्रॉल्या ढकलल्या धरणाखालच्या पाण्यात. वरून दार उघडलं, आणि निघाली की ट्रॉली तरंगत! रंधा धबधब्यावरून अशी उडाली की वाटेत घारीनं बाजूला होऊन रस्ता दिला. एका दमात, माणसं-मोळ्यांसकट, थेट कोपरगावच्या पुलाखाली, कारखान्याच्या दारात. वजनकाट्यावरच्या बाबूनं गवत हुंगलं आणि विचारलं, म्हशी कुठं आहेत?

मी थांबलो. पारावर सगळे माना डोलावत होते. ही माणसं दर साली कोपरगावला सहा-सहा महिने राहतात, गोदावरीत धुणी धुतात, तिच्याच काठावर राहायला पाचटाच्या कोप्या घालतात. नदी येते कुठून आणि जाते कुठं, हे त्यांनी तिला कधी विचारलेलं नाही.

"काय रामहरी, यात काही खोटं वाटतंय का?"

"न्हाई बा. पान्याला लई ताकद आसती."

"आन तुला, बजरंग?"

बजरंगानं गॉगल वर सरकवला. "खोटं कसं आसंल? ती ट्रॉली म्या सोता बघितलीय. कोपरगावच्या पुलाखाली आजून पडलीय. गंजलीय निस्ती."

मला या वयात दुसऱ्याच्या थापेनं गहिवरून येत नाही, पण तेव्हा आलं. मी लावलेल्या बाभळीला बजरंगानं आंबे दाखवले.

"पन आबा," रामहरी म्हणाला, "ह्यात शाळंतलं कामाला आलेलं कुटं दावलं? ड्रायव्हर आला बगा. चला, बसा रं समदे."

ट्रॅक्टर सुरू झाला. सवितानं पदर तोंडाला लावला. मी नुसता ट्रॉलीकडं बघत राहिलो. म्हटलं, आता नाही तर नाहीच.

"आबा, थापा मारताय तुमी!"

ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. गाठोड्यावर रेश्मा उभी राहिली होती, एक हात ट्रॉलीच्या कडेला धरून.

"शाळंतल्या नकाशात हाय, भंडारदऱ्याचं पानी प्रवरेत जातं. आन प्रवरा गोदावरीला मिळती ती पार खाली, नेवाशाच्या पुढं, प्रवरासंगमाला. कोपरगाव ऱ्हातंय त्या संगमाच्या लई वर. मग तितनं ट्रॉली उलट्या धारंला चढत गेली व्हय? आन मुकादमकाका, तुमी पुलाखाली काय बघितलं वो?"

बजरंगानं गॉगल परत डोळ्यांवर घेतला.

"आप्पा," पोर रामहरीला म्हणाली, "उतरू का मी?"