पूजेचा डाग

"निघत न्हाय असा डाग न्हाय." हे अभिनंदनचं ठरलेलं वाक्य. गिऱ्हाईक दारात आलं की चहा सांगायच्या आधी तो हे वाक्य ऐकवायचा. बेळगावच्या उद्यमबागेत, फाउंड्रीच्या मागच्या गल्लीत त्याचं दुकान. गाडीच्या रंगावरचे ओरखडे, बोअरच्या पाण्याचे पांढरे ठिपके, पाखरांची घाण, सगळं मशीननं घासून तो रंग असा करून द्यायचा की बॉनेटमध्ये बघून भांग पाडावा. हुक्केरी-संकेश्वरहून गाड्या यायच्या. सगळ्या मुलखाला त्याचं कौतुक होतं. नव्हतं फक्त एका माणसाला, आणि तो त्याचा सख्खा थोरला भाऊ.

भुजबली अण्णा बोरगावात घरची शेती बघायचा. धाकटा काय करतो म्हणून कुणी विचारलं तर म्हणायचा, "बेळगावात गाड्या पुसतोय." पुण्यात सहा महिने राहून, हात भाजून शिकून आलेल्या माणसाला हे किती झोंबत असेल! अभिनंदन वरवर हसून सोडून द्यायचा आणि आत चरफडायचा. दुकान घालून तीन वर्षं झाली, पण अण्णानं एकदाही उंबरा ओलांडला नव्हता. आई होती तोवर तिनं दोनदा येऊन खुर्चीत बसून कौतुकानं सगळं बघितलं होतं. आठ महिन्यांपूर्वी तीही गेली.

त्यामुळं सोमवारी अण्णा स्वतः गाडी घेऊन दारात उभा राहिला तेव्हा अभिनंदनला आपल्या डोळ्यांवर विश्वास बसेना. मागच्या सीटवर दुधाची किटली सांडली होती आणि चार दिवसांत वास सुटला होता. "आतनं धू," अण्णा म्हणाला. "वरनं नुसतं पाणी मार. दुसरं काय करू नको." एवढं बोलून तो बस धरायला चालता झाला. चहासुद्धा घेतला नाही.

आता सुताराला सांगावं की लाकूड आण पण रंधा लावू नको, तशातली ही गत. काळीभोर गाडी, चार वर्षं वापरलेली, फडकं जवळजवळ न लागलेली. अभिनंदननं रात्रीच मनाशी ठरवलं: उद्या अण्णा गाडी न्यायला येईल तेव्हा बॉनेटमध्ये त्याला त्याचं तोंड दिसलं पाहिजे. मग म्हण म्हणावं पुसतोय.

योगायोग असा की त्याच आठवड्यात मशीनला लावायचे दोन नवे मायक्रोफायबर पॅड आले होते. वर्षभरासाठी त्यातला एक ठरवायचा होता. दिसायला दोन्ही एकाच ताग्यातले. एक पातळ, आखूड दाट लवेचा. दुसरा जाड, लांब लवेचा, हाताला मऊ. विकणारा दोन्हींच्या शपथा खात होता, पण अभिनंदन शपथांवर जाणारा नव्हता. त्याची परीक्षेची रीत पक्की होती: बॉनेटच्या मधोमध उभी टेप, डावीकडं एक पॅड, उजवीकडं दुसरा. मशीन तेच, वेग तोच, पॉलिशच्या मलमाचे थेंब मोजून तेवढेच, आणि दोन्हीकडं चार-चार फेऱ्या. मग जे दिसेल ते खरं.

मंगळवारी सकाळी त्यानं दिवा तिरपा धरला. समोरून बघताना नितळ वाटणाऱ्या काळ्या रंगावर, बॉनेटच्या बरोबर मध्यावर, एक स्वस्तिक उमटलं.

"आला! पूजेचा डाग," अभिनंदन खुशीत म्हणाला. परीक्षेला हवा तसला चिवट डाग. ह्या भागात नवी गाडी घेतली की शोरूममध्ये नाहीतर घरी कुणीतरी माऊली हळदीत चुना कालवून तिच्यावर स्वस्तिक काढतेच. लालभडक, सुरेख दिसतं. पण उन्हात तापून चुना रंगावरचा थर खातो. धुतल्यावर लाली जाते आणि खूण तेवढी राहते. असले चाळीसेक डाग अभिनंदननं काढले असतील, आणि दर वेळी कुरकुर करत काढले असतील. पुण्य बायकांना आणि हमाली आपल्याला, असं म्हणायचा.

भरमू शेजारी येऊन वाकला. पन्नाशी उलटलेला, खानापूरकडचा गडी. वीस वर्षं फाउंड्रीत ओतीव लोखंडाला पॉलिश मारून आता इथं रंगाला मारत होता. नजर घारीची.

"मालक, ह्या स्वस्तिकावर तीन ठिपके आन् चांदकोर कशाला वो?"

"आमच्या जैनांच्यात असतात," अभिनंदन मान वर न करता म्हणाला. तो थेंब मोजत होता.

"आन् रेघ बी मधनं फाटल्यागत दिसतीया. दोन रेघा एकीत."

"ब्रशनं काढली असंल कुणीतरी. टेप लाव."

खरं तर इथंच त्यानं थांबायला हवं होतं. शोरूममधली मुलगी स्वस्तिक काढते तेव्हा वर तीन ठिपके आणि चंद्रकोर काढत नाही. ते घरचं माणूस काढतं. मग घरचं कोण? हा प्रश्न मेल्याच्या मनात यायला नको? पण नाही आला. पॅड डोक्यात शिरला होता. उत्तर स्वतःच्या तोंडानं दिलं आणि ते स्वतःच ऐकलं नाही.

बोटभर रुंदीची टेप स्वस्तिकाच्या बरोबर मध्यातून, वरून खाली गेली. डावीकडं पातळ पॅड लागला. तिसऱ्या फेरीला डाग विरला, चौथीला तिथं काही होतं म्हणायलाही जागा राहिली नाही. उजवीकडं जाड पॅडनं तेवढंच काम केलं, पण अर्धं स्वस्तिक धुरकट होऊन तिथंच बसून राहिलं. निकाल इतका स्वच्छ होता की अभिनंदननं टाळी वाजवली. लगेच फोटो काढून अण्णाला पाठवला. खाली लिहिलं, "अण्णा, बघ. अर्धा डाग गेला. उरलेला चहा प्यायच्या आत काढतो."

दोन निळ्या खुणा उमटल्या. उत्तर नाही. चाट पडला असणार, अभिनंदनला वाटलं, आणि त्याची छाती वीतभर फुगली.

पाच मिनिटांनी फोन वाजला तो श्रद्धावहिनीचा. आत आवाज होता म्हणून तो गल्लीत जाऊन उभा राहिला.

"भावजी, बॉनेटवरचं आईंचं स्वस्तिक तुम्ही पुसलासा?"

"कुणाचं?"

"आईंचं वो! गाडी आली त्या दिवशी आईंनीच काढलतं. तुम्ही तवा पुण्यात होतासा." वहिनीचा आवाज कापत होता. "आई गेल्यापासनं ह्यांनी गाडीला कुणाला हात लावू दिला न्हाय. रोज सकाळी ऊन तिरपं आलं की तिथं उभं ऱ्हातात, मग रानात जातात. आत्ता बसमधनं फोन आलता. नुसतं 'आई गेली' म्हणाले आन् ठेवला. मला कळंचना परत कोण गेलं."

अभिनंदनला एकदम आठवलं. फाटलेली रेघ! आईनं, धोंडूबाईनं, ऐन तरुणपणी तंबाखू कापताना विळा बोटावर घेतला होता. जखम भरली, पण बोटाच्या टोकाला उभी खाच राहिली ती राहिलीच. तिनं उंबऱ्यावर काढलेली प्रत्येक रेघ मधोमध फाटलेली असायची. लहानपणी दोघा भावांनी तिला त्यावरून किती चिडवलं होतं! आणि आज ती रेघ दिव्याच्या झोतात, वीतभर अंतरावरून बघून तो म्हणाला होता, ब्रशनं काढली असंल. स्वतःच्या आईचं बोट त्याला ओळखू आलं नव्हतं. त्याच वेळी त्याच्या कानांना कळलं की आत मशीन चालू आहे.

तो धावला.

भरमूनं नुकतंच मशीन उचललं होतं. त्याचा चेहरा कौतुकाच्या अपेक्षेनं फुलला होता. "उजवीकडचं बी काढलं बघा, पातळ पॅडनं. निशाणी ऱ्हायली न्हाय. आता टेप काढून मधलं तेवढं..." त्याच्या दोन बोटांत टेपचं टोक होतं, तळहाताएवढी टेप वर आली होती.

"सोड! हात काढ तिथनं!"

असा आवाज भरमूनं मालकाच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. चटका बसावा तसा त्यानं हात मागं घेतला.

"आईचं होतं ते, भरमू. माझ्या आईचं."

भरमू मटकन पालथ्या बादलीवर बसला. मग हळूच म्हणाला, "मालक, मी इचारलंतं तुमास्नी..."

"व्हय. तू इचारलंतंस." खरं तेच होतं. ह्याचं खापर फोडायला दुसरं डोकं नव्हतं.

एक वाजता अण्णा आला. बसथांब्यापासून चालत आला होता, सदरा घामानं पाठीला चिकटला होता. तीन वर्षांत पहिल्यांदा त्यानं दुकानाचा उंबरा ओलांडला. अभिनंदननं दोन तास माफीची वाक्यं जुळवली होती, ती सगळी सोडून त्यानं दिवा जवळ ओढला. दोघं भाऊ बॉनेटपाशी उभे राहिले. शेवटी अभिनंदननंच टेपचं टोक धरलं आणि श्वास रोखून ती हळूहळू सोलली. मग दिवा तिरपा केला.

टेपच्या रुंदीएवढंच उरलं होतं. स्वस्तिकाचा उभा दांडा, मधोमध फाटलेला, आणि त्याच्यावर तीनपैकी मधला एक ठिपका नि चांदकोरीचा मधला तुकडा. बाकी सगळीकडं काळं पाणी भरल्यागत चकाकी. त्या चकाकीत अण्णाला त्याचं तोंड दिसत होतं, अभिनंदनला हवं होतं तस्सं. ते तोंड अभिनंदनला बघवेना.

अण्णा ओरडेल, हात उगारेल, निदान शिवी देईल, असं वाटत होतं. तो दिव्याकडं बघत म्हणाला, "मी तिला बोललोतो त्या दिवशी."

"काय?"

"कोरी गाडी, आन् चुना फासून ठेवलीस म्हणून. चार माणसांच्या म्होरं बोललो. बिचारी ओशाळली. म्हणाली, 'चिडू नको रं. अभिनंदन शिकून आला की काढतोय बघ. त्येला निघत न्हाय असा डाग न्हाय.'"

जे वाक्य तो आपलं म्हणून गावभर मिरवत होता, ते आईचं होतं. पुण्याहून आल्यावर तिच्याच तोंडून कधीतरी ऐकलं असणार आणि उचललं असणार.

"मी हसलो तिला," अण्णा म्हणाला. "म्हटलं, त्येला काय येतंय, गाड्या पुसायला? त्या हट्टानं गाडी तुझ्याकडं कधी आणली न्हाय. आन् ती गेल्यावर आणवना." त्यानं बाहीनं डोळे पुसले. "पर तिनं काम तुलाच सांगून ठेवलंतं. काढ. उरलंय ते बी काढ. तिचा बोल खरा होऊ दे."

अभिनंदननं मशीन उचललं. पातळ पॅड. मलमाचा एक थेंब. दहा सेकंदांचं काम होतं, हे त्याच्याइतकं भरमूलाही माहीत होतं. भरमूनं तोंड भिंतीकडं फिरवलं. पॅड त्या फाटक्या रेघेपर्यंत आला, अंगठा बटणावर गेला, आणि तिथंच राहिला. मग अभिनंदननं मशीन खाली ठेवलं.

"न्हाय निघत, अण्णा."

"आं?"

"ह्यो डाग निघत न्हाय. लई खोल गेलाय."

भरमूनं वळून तोंड उघडलं आणि परत मिटलं. अण्णानं त्या रेघेकडं बघितलं, भोवतीच्या लखलखीत रंगाकडं बघितलं, आणि मग पहिल्यांदाच धाकट्याकडं नीट बघितलं.

"तू म्हणतोस म्हंजे न्हायच निघणार," तो म्हणाला, आणि किल्लीसाठी हात पुढं केला.