पोरांच्या खोलीचा रंग

वडूजच्या घरातली मागची खोली रविराजनं कधी खोली म्हणून धरलीच नव्हती. तो ठिबक सिंचनाची कामं घ्यायचा. काळ्या नळ्यांची वेटोळी, फिल्टरची खोकी, मोडके कॉक असं सगळं तिथं कोंबलेलं असायचं. भिंतींना वडिलांच्या काळात कधीतरी गडद हिरवा ऑइलपेंट फासलेला, जुन्या दवाखान्यात असतो तसला. दार लोटून घेतलं की खोली विसरली.

मयूरीपासून वेगळं होऊन त्याला चार वर्षं झाली होती. मुलं आईपाशी सांगलीला. मोठा निमिष, धाकटी स्वानंदी. कोर्टानं ठरवून दिल्याप्रमाणं मे महिन्यात आठ दिवस आणि दिवाळीत पाच दिवस ती बापाकडं यायची. आली की हॉलमध्ये गाद्या टाकून झोपायची. सकाळी कुणी गिऱ्हाईक दारात आलं की रविराज गडबडीनं त्या गाद्या गुंडाळून कोपऱ्यात उभ्या करायचा. मागल्या मे महिन्यात चौथ्या दिवशी निमिषनं आपली गादी स्वतःच गुंडाळली, कोपऱ्यात नेऊन ठेवली आणि विचारलं, "पप्पा, आम्ही इथं पाहुणे आहोत का?"

रागानं नाही, रुसून नाही. किती वाजले विचारावं तसं.

रविराजनं काहीतरी बोलून वेळ मारून नेली. पण पोरं परत गेल्यावर त्या वाक्यानं त्याची पाठ सोडली नाही. शेतात नळ्या अंथरताना, जेवताना, एसटीत बसल्यावर ते मधूनच आठवायचं आणि हातातलं काम थांबायचं. दिवाळीत पोरं आली, गाद्या पुन्हा हॉलमध्येच पडल्या, या खेपेला निमिष काही बोलला नाही आणि तेच जास्त लागलं. शेवटी मार्चमध्ये त्यानं बाजारपेठेमागं एक पत्र्याचं शेड भाड्यानं घेतलं, सगळा माल तिकडं हलवला आणि रिकाम्या खोलीत उभा राहिला. खोली चांगली मोठी निघाली. खिडकी होती, हे तो विसरूनच गेला होता. भिंती मात्र उजेड गिळून बसल्या होत्या.

गावात रंगकाम करणारे बादशहाचाचा येऊन बघून गेले. साठीचा माणूस, बोटांच्या पेरांत कायमचा चुना. त्यांनी नखानं भिंत खरवडली आणि मान हलवली.

"ह्या ऑइलपेंटावर तसाच रंग मारशील तर पावसाळ्यात पापुद्रं निघतील बघ. आधी घासून चकाकी घालवायची, मग प्रायमर, मग रंग. पर रंग कुठला देयाचा ते पोरांनी सांगू दे."

"पोरं सांगलीला हायत, चाचा."

"मग फोन हाय की. इचार."

दर रविवारी पाच वाजता पोरांचा व्हिडिओ कॉल असायचा. त्या रविवारी रविराज मोटरसायकलला किक मारावी तसा दम घेऊन बोलला, "स्वानंदी, तुमच्यासाठी खोली करायची म्हणतोय. गुलाबी चालंल न्हवं तुला?"

स्वानंदी खुदकन हसली. "पप्पा, गुलाबी मला पहिलीत आवडायचा. आता मी चौथीत आहे."

"मग?"

"पिवळा. एकदम पिवळा, शेवंतीसारखा."

रविराज हसला खरा, पण आत काहीतरी खचकन रुतलं. पहिलीपासून चौथीपर्यंत पोरीचा गुलाबी रंग कधी गेला, कुठल्या दिवशी गेला, तेव्हा तो कुठल्या शेतात नळ्या जोडत बसला होता? त्याला अजून तिची गुलाबी चप्पल, गुलाबी डबा, गुलाबी छत्री, सगळं जसंच्या तसं दिसत होतं. तो त्याच जागी उभा होता आणि पोरगी चालत पुढं निघून गेली होती.

"आणि निमिष, तुला रं?"

स्क्रीनच्या कडेला निमिषचा नुसता खांदा दिसत होता. "काहीपण चालेल."

"असं कसं? सांग की एखादा."

"काहीपण चालेल, पप्पा. मला क्लासला जायचंय."

दोन दिवस रविराजनं ते 'काहीपण' उलटंपालटं करून पाहिलं. काही हाती लागेना. मग त्यानं जे चार वर्षांत फारसं केलं नव्हतं ते केलं. मयूरीला फोन लावला. एरवी त्यांचं बोलणं म्हणजे मोबाईलवर दोन ओळी : गाडी किती वाजता, औषध दिलंय, फी भरली. मयूरी एका लॅबमध्ये कामाला होती. दुपारच्या सुट्टीत तिनं फोन उचलला, आणि पहिलाच प्रश्न केला, "काय झालं?"

"काय न्हाई. निमिषला हल्ली कुठला रंग आवडतो?"

"कशासाठी?"

त्यानं सांगितलं. खोली रिकामी केली, भिंती घासायच्यात, दोन कॉट करायला टाकल्यात. बोलता बोलता त्यालाच आपलं बोलणं फुशारकीचं वाटायला लागलं आणि तो थांबला.

मयूरी हळू आवाजात म्हणाली, "इथं त्यांना वेगळी खोली नाहीये, तुम्हाला माहीत नसेल. दोनच खोल्या आहेत. निमिष बोळकंडीत कॉट टाकून झोपतो. अभ्यासपण तिथंच. गेल्या महिन्यात त्याचे मित्र आले होते. मी आत भाजी चिरत होते. एकानं विचारलं, तुला रूम नाही का रे? तर म्हणाला, आहे की, वडूजला आहे. माझी एक आख्खी भिंत राखाडी आहे, पावसाळ्यातल्या आभाळासारखी, आणि तिच्यावर मी काहीपण लावतो."

रविराजनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मला वाटलं तुम्ही केली असेल खोली," मयूरी म्हणाली. "आता कळलं."

"त्याला काय बोलू नगंस," तो कसाबसा म्हणाला. "आल्यावर बघू दे."

"नाही बोलत."

दुसऱ्या दिवशी तो बादशहाचाचांना घेऊन साताऱ्याला रंगाच्या दुकानात गेला. दुकानदारानं शेडकार्डं पुढ्यात टाकली. नुसते पिवळेच पन्नास तऱ्हेचे. रविराज एकेका चौकोनावर बोट ठेवून शेवंती आठवत राहिला. चाचांना त्या चौकोनांत रस नव्हता. त्यांनी दुकानदाराला काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा पुठ्ठा काढायला लावला, अर्ध्यावर स्वस्तातला रंग मारून घेतला, अर्ध्यावर चांगल्यातला. चहा पिऊन होईस्तोवर दुसरा हात दिला. स्वस्त रंगाखालून काळे पट्टे तसेच डोकावत होते. दुसऱ्या बाजूचे गडप.

"हे बघ," चाचा म्हणाले. "शेडला भुलायचं न्हाई. दोन हातांत झाकतोय तो रंग आपला. न्हाईतर चार हात मारत बस, रंगाला पैसा तेवढाच जातोय आन् मजुरी दुप्पट. त्यात पिवळा लय लबाड. डब्यात घट्ट दिसतोय, भितीवर गेला की मागचं सगळं सांगत सुटतोय. हिरव्यावर तर इचारूच नगं. आधी पांढऱ्या प्रायमरचं दोन हात देऊ. राखाडीला तेवढी दगदग न्हाई, त्यो झाकतोय गुमान."

"पोरं झोपणार तिथं, वास नको," रविराज म्हणाला.

"बिनवासाचाच घेऊ. आन् फडक्यानं पुसता येणारा. पोरं भितीला हात लावणारच. लावाय पायजेत."

चार दिवस रविराजनं शेतावरची कामं पुढं ढकलली आणि चाचांबरोबर स्वतः भिंती घासल्या. हिरव्या भुकटीनं दोघांच्या भुवया माखल्या. घासता घासता चाचा आपल्या लेकीबद्दल, अफसानाबद्दल बोलायचे. "आयुष्यभर लोकांच्या घरात रंग मारलं. अफसाना म्हणायची, अब्बा, माझ्या कोपऱ्याला जांभळा द्या. म्हटलं देतो, हंगाम सरला की देतो. हंगाम सरायच्या आत तिचं लगीन झालं. आता इचलकरंजीला हाय. परवा तिच्या घरी गेलो तर सगळं घर पांढरं. म्हटलं, जांभळा देऊ का गं? म्हणली, अब्बा, आता कशाला?" एवढं बोलून त्यांनी नवा घासकागद फाडला आणि पुन्हा हात चालवायला सुरुवात केली.

प्रायमर झाला, पिवळा झाला. दुसऱ्या हातानंतर खोलीत ऊन शिरल्यासारखं वाटायला लागलं. खिडकीसमोरची भिंत राखाडी. ती रविराजनं कुणाला मारू दिली नाही. रोलर त्यानं स्वतः फिरवला, वरून खाली, वरून खाली. चाचा दारात बसून कुठं रेघ राहिली ते सांगत होते.

पोरांची देवाणघेवाण विट्याच्या स्टँडवर व्हायची, दोघांनाही मध्यावर पडायचं म्हणून. मेच्या दुसऱ्या आठवड्यात रविराज मित्राची चारचाकी घेऊन अर्धा तास आधीच जाऊन उभा राहिला. सांगलीची गाडी लागली. मयूरी उतरली, तिच्या मागून स्वानंदी. रविराज दाराकडं बघत राहिला. आणखी माणसं उतरली, मग कंडक्टर उतरला.

"निमिष?"

"कबड्डीच्या शिबिरात निवड झाली त्याची," मयूरी म्हणाली. "काल संध्याकाळी कळलं. दोन वर्षं धडपडत होता. उद्यापासून दहा दिवस आहे, मिरजेला." तिनं स्वानंदीला पाण्याची बाटली भरून आणायला पाठवलं आणि आवाज खाली आणला. "मी राखाडी भिंतीचं सांगितलं नाही त्याला. पण सांगू का? सांगितलं तर शिबिर सोडून येईलसुद्धा."

रविराजच्या ओठांवर 'सांग' आलं होतं. अगदी आलं होतं. त्याला ती भिंत दिसत होती, तिच्यासमोरची नवी कॉट दिसत होती. त्यानं स्टँडच्या पाटीकडं बघितलं, पाटीवरची गावं वाचली आणि म्हणाला, "नगं. दोन वर्षांनी मिळालंय पोराला. खेळू दे."

मयूरीनं त्याच्याकडं पाहिलं. बऱ्याच वर्षांनी तिनं असं नीट पाहिलं असावं.

स्वानंदी खोलीत शिरली आणि दारातच ओरडली. मग भिंतीला गाल लावून सगळीकडून फिरून आली. "पप्पा, सगळी शेवंती झालीय!" दिवसभर ती कॉटवर उड्या मारत होती, बाहुल्या मांडत होती, शेजारच्या धोंडुबाईंना हाताला धरून खोली दाखवायला घेऊन आली. रविराज खूश होता. मधूनच रिकाम्या कॉटकडं नजर गेली की तो स्वयंपाकघरात जाऊन काहीतरी शोधल्यासारखं करायचा.

दुसऱ्या दिवशी दुपारी निमिषचा व्हिडिओ कॉल आला, शिबिरातल्या सरांच्या मोबाईलवरून. रविराज "कसं चाललंय, जेवण बरं हाय का?" एवढं म्हणतोय तोवर स्वानंदीनं फोन हिसकावून घेतला आणि पळत खोलीत गेली. "दादा, बघ! ही माझी बाजू. आणि ही तुझी!"

रविराज दारापाशी पोहोचला तेव्हा फोनचं तोंड राखाडी भिंतीकडं होतं. पलीकडून मिरजेच्या मैदानावरची शिट्टी तेवढी ऐकू आली.

"दादा, दिसतंय का?"

"हं." मग, "पप्पा आहेत का तिथं?"

रविराजनं फोन घेतला. निमिषचा चेहरा उन्हानं लाल झाला होता, कपाळावर माती. तो भिंतीबद्दल काहीच बोलला नाही. "खिडकी कुठल्या बाजूला आहे?" त्यानं विचारलं.

"ह्या समोर. पूर्वेला."

"कॉट माझी खिडकीजवळची का आतली?"

"तुला पायजे ती."

"भिंत किती फूट आहे?"

"मोजलेली न्हाई रं."

"मोजून ठेवा. आणि खिळे चालतात का तिच्यावर?"

"चालत्यात. काय पण चालतंय."

तिकडून कुणीतरी निमिषला हाक मारली. तो मान वळवून "आलो" म्हणाला आणि मग घाईघाईनं, जणू शब्द सांडतील अशा भीतीनं, म्हणाला, "पप्पा, माझी बाजू कुणाला देऊ नका हां," आणि फोन बंद झाला.

स्वानंदी टेप धरून उभी राहिली. बाप-लेकीनं भिंत मोजली. अकरा फूट दोन इंच.

आठ दिवसांनी विट्याला परत पोचवायला गेल्यावर मयूरी म्हणाली, "खोलीचा फोटो आहे का?" त्यानं मोबाईल दिला. तिनं दोन बोटांनी फोटो मोठा केला, भिंत पाहिली, कॉट पाहिल्या, पुन्हा भिंत पाहिली. गाडीनं दोनदा हॉर्न दिला. "उजेड चांगला येतो," एवढंच ती म्हणाली आणि मोबाईल परत देताना पदरानं त्याची काच पुसून दिली.

मे गेला, पावसाळा गेला. रविराज कामावर जाताना खोलीची खिडकी उघडून जायचा आणि आल्यावर बंद करायचा. आतली धूळ रोज पुसायचा. कुणी नसलेल्या खोलीतही धूळ बसतेच. कधी कधी तो निमिषच्या कॉटवर टेकायचा, पण पाय वर घ्यायचा नाही.

दिवाळीत निमिष आला. या खेपेला विट्यापर्यंत नाही, स्वानंदीला घेऊन थेट वडूजपर्यंत एसटीनं. सहा महिन्यांत चार बोटं वाढला होता, आवाज फुटला होता. स्वानंदी धोंडुबाईंकडं करंज्या खायला पळाली. निमिष खोलीत गेला. भिंतीसमोर उभा राहिला, तळहात टेकवला, खालून वरपर्यंत फिरवला. रविराज मागं थांबला होता.

"भारी झालीय," निमिष म्हणाला. मग बॅग कॉटवर टाकली, मागं वळून बघितलं, थोडा लाजला आणि म्हणाला, "पप्पा, मी जरा आत बसू?"

"बस की. बस."

निमिषनं दार लावून घेतलं. आतून कडी सरकल्याचा आवाज आला, मग पंख्याचा, मग भिंतीत खिळा ठोकल्याचा. रविराजनं चहा टाकला होता, दोन कप भरून हॉलमध्ये आणले. हाक मारावी का, दार वाजवावं का, त्याला कळेना. चार वर्षांचं बोलायचं साठलं होतं आणि मध्ये एक दार होतं. त्यानं निमिषचा कप बशीनं झाकून ठेवला, टीव्हीचा आवाज पार बारीक केला आणि आतल्या ठोकाठोकीकडं कान लावून बसून राहिला.