त्याच्या हातची धार

“पाठ उचलू नकोस. पाठ नि धार, दोन्ही दगडाला टेकलेल्या राहू देत. आणि जोर नको लावूस, वस्तऱ्याचं वजन पुरतं.”

अंथरुणावर पडल्या पडल्या नवऱ्याने सांगितलं होतं. तिने दगडावर पाणी शिंपडलं, वस्तरा आडवा टेकवला आणि पुन्हा उचलून घेतला. सकाळपासून हेच चाललं होतं.

नखावरून धार हलकेच ओढली की मध्ये एका जागी अडकायची. तिळाहून बारीक टवका. त्या दिवशी त्याची दाढी करताना वस्तरा तिच्या हातून निसटला आणि पितळी वाटीच्या काठावर आपटला. त्याला महिना होत आला. दुकानातले बाकीचे वस्तरे दीर घेऊन गेला. हा एवढा तिने दिला नव्हता.

उंबऱ्याशी घड्याळजींची लेक बसली होती. घड्याळजींचं घड्याळदुरुस्तीचं दुकान तिच्या नवऱ्याच्या न्हावीकामाच्या दुकानाला लागूनच. एकमेकांची खेचल्याशिवाय दोघांचा दिवस उजाडत नसे.

“काकू, बाबा दाढीला कुणाला हात लावू देत नाहीत. भाऊ मशीन घेऊन गेला, तर म्हणाले, ‘गवत कापायला आलास का?’”

“बोलतात म्हणजे अजून.”

“तेवढंच. डॉक्टरांनी औषधं थांबवलीत.” लेकीने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. “काल म्हणाले, ‘न्हाव्याने शब्द दिला होता, चकचकीत करून पाठवीन म्हणून. लबाड! स्वतःच पुढे गेला.’”

तो शब्द तिच्यादेखतच दिला होता. चहा पिता पिता.

“आणि माझ्या हातून राहिलं, तर ही करील,” नवरा म्हणाला होता.

“हिच्या हातात मान द्यायची?” घड्याळजी म्हणाले.

“मी नाही का दिली इतकी वर्षं!”

तेव्हा तिने चिडून कप उचलले होते, आणि आत जाताना “करीन हो” म्हणाली होती.

“भाऊ नवा वस्तरा आणून देईल,” लेक म्हणाली. “त्यात काय एवढं?”

“नव्यावर माझा हात बसायचा कधी?”

खरं कारण वेगळंच होतं, आणि ते सांगण्याजोगं नव्हतं. टवका तेवढ्यापुरता घासून जात नाही. तसं केलं तर तिथे खळगा पडतो. टोकापासून मुठीपर्यंत सगळी धारच खाली आणावी लागते. आणि ही धार त्याने लावलेली होती, अंथरूण धरायच्या आधी, ओट्यावर बसून, गुणगुणत. त्याचे कपडे वाटून झाले होते, खाट घडी करून ठेवली होती. त्याने केलेलं आणि अजून कामाला येणारं असं घरात एवढंच उरलं होतं.

तिने डोळे मिटले, ओठांतल्या ओठांत देवाचं नाव घेतलं आणि वस्तरा दगडावर ओढला. मग उलटा करून परत. पाठ उचलली नाही.

दगडावर राखाडी पाणी साचू लागलं. पुसायला घेतलेलं फडकं तिने बाजूला ठेवलं. थोडा वेळ ती त्या पाण्याकडे बघत राहिली. मग पुसलंच.

नख कुठे अडकेनासं झालं, तेव्हा तिने चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा वर-खाली फिरवला, मनगटावरचे दोन केस उडवून पाहिले. वाटी, ब्रश, साबण पिशवीत भरले.

लेक उठून उभी राहिली, पण पाऊल उचलेना.

“काकू, राग मानू नका. पण तुम्ही आधी कुणाकुणाची केलीय?”

“एकाची.” ती चपला पायात सरकवत होती. “तीही एका गालाचीच झाली. दुसऱ्या गालाला वस्तरा लावला, तर हे श्वासच घेत नव्हते.”

लेकीने तिच्या हातातली पिशवी घेतली. वस्तरा मात्र तिने दिला नाही. टॉवेलात गुंडाळून छातीशी धरला, दार ओढून घेतलं आणि ती घड्याळजींच्या घराच्या दिशेने निघाली, लेकीच्याही पुढे, भरभर.