तुम्ही घरी सगळे एकत्र कधी जेवता?

शनिवार, २९ मार्च २००८. सकाळी दहा वाजून चार मिनिटांनी श्रूजबरीतल्या शैलजा पेंढारकरनं तिच्या ऑनलाइन मराठी वर्गाच्या फलकावर आठवड्याचा प्रश्न टाकला. प्रश्न एका ओळीचा होता: तुम्ही घरी सगळे एकत्र कधी जेवता?

मग तिनं लॅपटॉप मिटला आणि नवऱ्याला सांगितलं, "आता पुढच्या रविवारपर्यंत मी तोंड उघडायचं नाही."

"बापरे," केदार म्हणाला. "लेखी देतेस?"

"फलकावर रे. घरात नाही."

न बोलण्याची अट तिची नव्हती. वर्ग ‘पाटीपेन्सिल’ नावाच्या मराठी शाळेचा होता. शाळा एडिसनला, एका चर्चच्या तळघरात दर रविवारी भरायची. ज्यांच्या गावात अशी शाळा नाही त्या मुलांसाठी शैलजानं जानेवारीत हा दूरचा वर्ग सुरू केला. मुलं सहा, वयं नऊ ते बारा. शनिवारी सकाळी अर्धा तास कॉन्फरन्स कॉल, बाकीचा आठवडा फलकावर लिहायचं. देवनागरी सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर धड उमटत नसे, चौकोन यायचे, म्हणून फलकावर मराठी रोमन अक्षरांत चाले.

पहिल्या आठ आठवड्यांत मुलांनी शहाण्णव निरोप लिहिले. शहाण्णवच्या शहाण्णव शैलजाला उद्देशून. एकमेकांना एकही नाही.

शाळेच्या तीन जणांच्या समितीचे प्रमुख मोरेश्वर आठल्ये यांनी हे बसून मोजलं होतं. "याला वर्ग नाही म्हणत, शैलजा," ते फोनवर म्हणाले होते. "हे पोस्ट ऑफिस आहे. सहा मुलं तुला पत्र टाकतात, तू सहा उत्तरं टाकतेस. इथे तळघरात येऊन बघ. पोरं एकमेकांची खोडी काढतात, डबे पळवतात, त्यात दोन शब्द मराठी येतं. तुझ्या पोरांना शेजारी कोण बसलंय तेच माहीत नाही."

"शेजारी कोणी बसलेलंच नाही काका. एक मिनेसोटात आहे, एक आयडाहोत."

"तेच म्हणतोय मी."

समितीनं मग अट घातली. एका आठवड्यात सहाही मुलांनी प्रत्येकी किमान तीन निरोप एकमेकांना लिहायचे. प्रश्न टाकल्यावर शिक्षिकेनं मध्ये पडायचं नाही. मुदत रविवार, ६ एप्रिल, संध्याकाळी सहा. जमलं तर सप्टेंबरपासून वर्ग पुढे चालू, नाही तर मेमध्ये बंद.

वर्ग बंद होण्याचं बाकी कुणाला फारसं काही वाटलं नसतं. शैलजाला वाटलं असतं. पुण्यात ती अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवायची. २००२ मध्ये केदारच्या व्हिसावर आली तेव्हापासून तिला नोकरीची परवानगी नव्हती. सहा वर्षांत तिच्या नावावर जमा झालेलं पहिलं काम म्हणजे हा बिनपगारी वर्ग.

पहिलं उत्तर दुपारी बारा वाजून वीस मिनिटांनी आलं. ईडन प्रेरीचा निमिष, वय अकरा. "नाही. बाबा नाही जेवतो. आई आणि मी जेवतो. त्यात गोळा असतो."

शैलजानं ते दोनदा वाचलं. मग ती एकदम हसायला लागली, आणि मग हसायची थांबली.

"काय झालं?" केदारनं विचारलं.

"अरे, मी लिहिलं ‘कधी’. के, ए, डी, एच, आय. त्यानं वाचलं ‘कढी’."

केदारनं प्रश्न पुन्हा वाचला. "तुम्ही घरी सगळे एकत्र कढी जेवता," तो म्हणाला. "बरोबर आहे की. सगळे एकत्र नाही जेवत, बाबा सोडून जेवतात. पोरगा ऑनेस्ट आहे."

तिनं खुलासा लिहायला घेतला. प्रश्नार्थक शब्दांचा हा चौथा आठवडा होता. काय, कुठे, कोण झालं होतं. ‘कधी’ हा धडाच होता. आणि चूक दिसली की ती तिथल्या तिथे दुरुस्त करायची, ही तिची बारा वर्षांची सवय. ‘निमिष, कधी म्हणजे’ इथपर्यंत लिहून झालं होतं तेवढ्यात फलकावर नवीन निरोप उमटला. नॅशव्हिलची अनन्या, वय बारा.

"निमिष, कढी जेवत नाही. कढी पितात. गोळा कोणता? बर्फाचा गोळा?"

वेळ बारा वाजून एकेचाळीस. तीन महिन्यांत एका मुलानं दुसऱ्या मुलाला लिहिलेला हा पहिला निरोप.

शैलजानं हात कीबोर्डवरून उचलले.

"अगं, सांग ना त्यांना," केदार म्हणाला.

"सांगितलं की संपलं. शिवाय मला बोलायला बंदी आहे."

"सोईची बंदी आहे."

"आहे," ती म्हणाली.

रविवारी सकाळपर्यंत फलकावर एकोणीस नवे निरोप होते. निमिषची आई नागपूरची, त्यामुळे त्याच्या घरी कढी म्हणजे गोळ्यांचीच. गोळे नसलेली कढी असते हे त्याला माहीत नव्हतं. अनन्याच्या घरी कढी पातळ, गोडसर, वाटीत. "गोड? कढी डेझर्ट नाही," निमिषनं लिहिलं. "तू मीटबॉल घालतोस आणि मला शिकवतोस?" अनन्यानं लिहिलं. ह्यूस्टनजवळची जुळी भावंडं अधूनमधून येऊन "आमच्याकडे पण" एवढंच लिहून जायची, त्यामुळे ती नेमकी कोणाच्या बाजूला आहेत ते कळत नव्हतं. ओव्हरलँड पार्कचा आर्य, वय नऊ, यानं कढी कधी पाहिलीच नव्हती. त्याला गोळ्यात रस होता.

"गोळा बेसनाचा?"

"नाही. डाळ. आई डाळ भिजवते मग मिक्सर. बारीक नाही करायचा."

बुधवारी आर्यनं आजीला मदतीला घेऊन गोळे करून पाहिले. संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी त्याचा निरोप आला: "माझा गोळा फुटला. सगळे फुटले. आता ते सूप आहे. आजी म्हणते खा."

पुढच्या पंचवीस मिनिटांत त्याला सात उत्तरं गेली. कढी उकळत होती का? डाळीत पाणी राहिलं होतं का? गोळा आधी वाफवला का? निमिष मध्येच नाहीसा व्हायचा आणि नवीन माहिती घेऊन परत यायचा.

तो कुठे जात होता ते गुरुवारी कळलं. त्याच्या आईचा, सुवर्णाचा, फोन आला.

"काय हो शैलजाताई, काय लावलंय तुम्ही? निमिष माझ्यामागे फिरतोय, आई गोळा का फुटतो, आई गोळा का फुटतो. मी इंग्लिशमधे सांगायला लागले तर म्हणतो, नो नो, मराठीत सांग, मला टाइप करायचंय. याच्याआधी त्यानं मला मराठीत शेवटचं काय विचारलं असेल, मला आठवतसुद्धा नाही."

"वा! छानच."

"पण मी एक विचारू? तुमचा प्रश्न मी पाहिला. तुम्हाला ‘केव्हा’ म्हणायचं होतं ना?"

"हो."

"मग?"

"मग काही नाही. मी गप्प आहे."

सुवर्णा हसली. "राहा गप्प. खऱ्या प्रश्नाचं उत्तर आलं असतं तर माझी पंचाईत होती. हे सोमवारी पहाटे विमान पकडतात, गुरुवारी रात्री उतरतात, शुक्रवारी झोपतात. एकत्र कधी जेवतो, काय लिहिणार पोरगा? त्यापेक्षा कढी बरी."

शुक्रवारी संध्याकाळी शैलजानं मोजणी केली. पाच मुलांचे तीनाच्या कितीतरी वर झाले होते. सहावी निधी, वय दहा, आयडाहोतल्या बॉइझीची. तिचा आकडा शून्य. वर्गात सगळ्यात चांगलं मराठी तिचं होतं. कॉलवर ती विचारल्याशिवाय बोलत नसे, आणि विचारल्यावर आधी म्यूट काढायला विसरत असे.

"तिच्या आईला एक फोन कर," केदार म्हणाला. "मुलीला नाही, आईला. अटीत आई कुठे आहे?"

"तू समितीत असतास तर मी केला असता."

शनिवारच्या कॉलवर तिनं फक्त वाचन घेतलं. निधीनं आपला परिच्छेद एकही चूक न करता वाचला आणि पुन्हा गप्प झाली. फलकावर अनन्यानं तिला दोनदा लिहिलं होतं, "निधी, तू आहेस का? तुझी कढी कशी?" उत्तर नव्हतं.

रविवार, ६ एप्रिल, दुपारी चार वाजून पस्तीस मिनिटांनी उत्तर आलं.

"अनन्या, मी आहे. मी कढी कधी खाल्ली नाही. मला ताक आवडत नाही."

रोमन अक्षरांत ‘कढी कधी’ म्हणजे एकच शब्द लागोपाठ दोनदा. अनन्यानं लगेच विचारलं, "कधीकधी नाही खाल्ली? मग कधीकधी खाल्ली?"

"कधीकधी नाही. नेव्हर," निधीनं चार बावन्नला लिहिलं. हा तिचा दुसरा.

पाच वाजले. सव्वापाच झाले. शैलजानं दोन वेळा चहा ठेवला आणि दोन्ही वेळा गाळायला विसरली. पाच चोवीसला निधीचा तिसरा निरोप उमटला. वर नाव होतं शैलजामावशीचं.

"मावशी, प्रश्न कढी आहे का कधी आहे? मी पहिल्या दिवशी कधी वाचलं. आम्ही शनिवारी एकत्र जेवतो कारण शनिवारी आई हॉस्पिटलला जात नाही. हे मी लिहिणार होते. पण सगळे कढी म्हणाले. मग मला वाटलं मी चूक. बरोबर कोण?"

"हा मोजणार का?" केदारनं मागून वाचत विचारलं.

"नाही. मला लिहिलाय."

"मग थांब. पस्तीस मिनिटं. कोणीतरी तिला काही विचारेल, ती उत्तर देईल, झाले तीन. सहा वाजून एक मिनिटाला तू लिही."

"ती तिथे स्क्रीनसमोर बसलीय केदार."

"पस्तीस मिनिटांनी काय होतंय?"

"आठ दिवस झालेत तिला. बरोबर उत्तर घेऊन बसलीय आणि समजतेय की आपण चूक."

शैलजानं लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. पाच एकतीसला तिचा निरोप फलकावर गेला: "निधी, बरोबर तू. प्रश्न ‘कधी’ होता. चूक माझी. एकाच स्पेलिंगचे दोन शब्द होतात हे मला आधी सुचायला हवं होतं. बाकीच्यांनी छान लिहिलंय, पण उत्तर तुझं."

चार मिनिटांनी निमिष आला. "ओह." पाठोपाठ दुसरा निरोप: "मग रविवारी. फक्त रविवारी." अनन्यानं लिहिलं, "निधी! तू आठ दिवस हसत होतीस का?" जुळ्यांनी लिहिलं, "आमच्याकडे पण." आर्यनं विचारलं, "आम्ही टीव्हीसमोर जेवतो. ते एकत्र काउंट होतं का?"

पाच अठ्ठेचाळीसला निधीनं त्याला उत्तर दिलं. "टीव्ही पण जेवतो का? नाही ना. मग काउंट."

सहा वाजता फलकावर या आठवड्याचे एकशे बत्तीस निरोप होते. शैलजाचा सोडून सगळे मुलांचे.

साडेसहाला समितीचा कॉल झाला. तीनपैकी दोघं होते, मोरेश्वरकाका आणि कुमार साठ्ये. तिसऱ्या सभासद रेखा मुजुमदार भाचीच्या लग्नासाठी कोल्हापूरला होत्या आणि तिथे पहाटेचे चार वाजले होते.

"मी सगळं वाचलं," मोरेश्वरकाका म्हणाले. "खोटं कशाला बोलू, मजा आली. आमच्या हिलाही वाचून दाखवलं. पण शैलजा, तू पाच एकतीसला लिहिलंस."

"मुलीनं मला नाव घेऊन विचारलं होतं काका."

"अर्धा तास थांबता आलं असतं."

"आलं असतं."

"मग?"

"मग मी थांबले नाही."

कुमार साठ्ये म्हणाले, "अहो मोरेश्वरराव, अट कशासाठी होती? मुलांनी बोलावं म्हणून. बोलली की! निधीचे तीन झाले."

"दोन. तिसरा पाच अठ्ठेचाळीसचा. शिक्षिका बोलल्यानंतरचा."

"तो शिक्षिकेला नाही लिहिलेला, आर्यला लिहिलाय."

"शिक्षिका बोलली नसती तर तो लिहिला गेला असता का, सांगा. आणि दुसरी गोष्ट. आठ दिवस पाच मुलं चुकीच्या प्रश्नाचं उत्तर देत होती आणि बाईंना ते पहिल्या दुपारपासून दिसत होतं. उद्या एखाद्या पालकानं विचारलं, हे शिकवणं की काय, तर मी काय सांगू?"

"सांगा की गोळा कसा करायचा ते शिकवलं," कुमार म्हणाले.

मोरेश्वरकाका हसले, पण मत बदललं नाही. एक बाजूनं, एक विरोधात. उरलं रेखा मुजुमदारांचं.

सोमवारी सकाळी कोल्हापूरहून त्यांची दोन ओळींची ईमेल आली. लग्नघरात इंटरनेट नाही, कॅफेत बसून एवढं वाचणं जमणार नाही. सगळे निरोप छापून घ्यायला पुतण्याला सांगितलं आहे, वाचून कळवते. आपला निरोप का आणि किती वाजता गेला, ते शैलजानं स्वतःच एका परिच्छेदात लिहून छापायला पाठवलेल्या निरोपांसोबत जोडलं.

मंगळवारी अकराच्या सुमाराला रेखाताईंची पोच आली: कागद मिळाले, निम्मे वाचले. बुधवार, ९ एप्रिल, संध्याकाळी सहापर्यंत त्यांचं मत आलेलं नव्हतं आणि वर्गाचं काही ठरलेलं नव्हतं.