साठ आखूड ट्युनिक

दोन हजार सहाचा मे महिना. पेणकरपाड्यातल्या गाळ्यात सहा शिलाई मशिनी सकाळपासून धडधडत होत्या आणि मालकीण सुगंधा कोपऱ्यात बिलांच्या ढिगात मान खुपसून बसली होती. शाळेचे गणवेश शिवायचा तिचा धंदा. पहिल्यांदाच एका मोठ्या शाळेची नऊशे गणवेशांची ऑर्डर आली होती, शाळा उघडायच्या आत द्यायची. पण गेल्या वर्षी व्हॅट लागू झाल्यापासून हिशोबाचा पसारा इतका वाढला होता, की तिला कात्री हातात घ्यायची सवड मिळेना.

म्हणून कापायचं काम तिने उत्तमवर सोपवलं. उत्तम तिचा जुना कारागीर, हाताचा चांगला. पण मापांचा तक्ता नेहमी सुगंधाच तपासून द्यायची. त्या दिवशी तिने न बघताच मान डोलावली. दुपारी तो समोर येऊन उभा राहिला.

"ताई, तक्ता गेल्या वर्षीचा निघाला. साठ ट्युनिक दोन इंच आखूड कापले गेलेत."

सुगंधाने बिलं बाजूला सारली. चूक उत्तमची नव्हती. दुसऱ्या कुणालाही जमलं असतं ते काम ती रडतखडत करत होती, आणि जे तिलाच जमायचं ते वाऱ्यावर सोडलं होतं.

घरी तिने हिशोब बाहेर लिहायला द्यायचं काढलं, तेव्हा नवरा काशीनाथ म्हणाला, "आपला हिशोब परक्याच्या हातात द्यायचा? गावभर बोभाटा होईल."

"अहो, असंच चाललं तर बोभाटा व्हायला धंदा तरी उरेल का?"

दुसऱ्या दिवशी बिलांच्या दोन पिशव्या घेऊन ती नया नगरला नेत्राकडे गेली. नेत्रा घरूनच आठ-दहा दुकानांचे हिशोब लिहायची.

"महिना आठशे घेईन, ताई. दर शनिवारी बिलं द्या. महिनाअखेरीस मी मांडलेलं सगळं तुम्ही एकदा नजरेखालून घाला. चेकबुक आणि सही तुमच्याकडेच."

शेवटचं ऐकून सुगंधाचा जीव भांड्यात पडला.

तिथून ती थेट कटिंगच्या टेबलाशी आली. आखूड तुकडे पसरले, टेप लावली, मग खडू उचलला. दुसरी-तिसरीच्या मुलींचे ट्युनिक अजून कापायचेच होते.

"उत्तमभाऊ, हे त्यांना होतील. बाजूने आत घ्या, प्लीट खोल घाला. खुणा मी करून देते."

दोन दिवस ती टेबलावरून हलली नाही. साठपैकी एकही तुकडा वाया गेला नाही.

पुढच्या आठवड्यात नेत्राचा फोन आला. दोन नव्या मशिनींवर भरलेला व्हॅट सुगंधाने वजाच धरला नव्हता; तीन हजारांच्या वर सुटणार होते. काशीनाथ शेजारीच बसला होता. शनिवारी बिलांची पिशवी तो स्वतःच नेऊन देऊन आला.

ऑर्डर चार दिवस आधी पोचली. मुख्याध्यापिकाबाईंनी एक ट्युनिक उलटा करून शिवण ओढून पाहिली, मग दुसरा, मग तिसरा.

"पुढच्या वर्षी आमच्या भाईंदरच्या शाखेचेही शिवाल का? तेराशे आहेत."

"शिवते," सुगंधा म्हणाली. तिने आवाज शांत ठेवला होता.

बाहेर टेम्पोपाशी उत्तम वाट बघत होता. त्याला बातमी सांगताना मात्र तिला हसू आवरेना.

"शेजारचा गाळा रिकामा आहे ना? उद्या मालकाशी बोलू या."