फोटोत नसलेली पन्हळ

मी पन्हळ बोलतेय. छपराच्या कडेला आडवी बसून पावसाचं पाणी झेलणारी आणि नळीतून लांब नेऊन सोडणारी, साधी पत्र्याची पन्हळ. नाक मुरडून झालं असेल तर पुढे ऐका. एखादा नक्षीदार खांब बोलायला लागला असता तर तुम्ही माना डोलावत ऐकलं असतं, हे मला ठाऊक आहे. माणसाला मान वर करून बघायचा भारी कंटाळा.

आमचं घर लाकडी सांगाड्याचं. खांब, तुळया आणि मधल्या जागेत विटा-माती. चांगलं दीडशे वर्षांचं आहे. येणारा प्रत्येक पाहुणा दिवाणखान्यातल्या खांबावर टिचकी मारतो आणि म्हणतो, "आता असं लाकूड मिळत नाही हो." जसा काही सकाळीच बाजारात विचारून आलाय! लाकूड कितीही जातिवंत असलं तरी सारखं भिजत राहिलं आणि वाळलंच नाही, तर त्याचा भुसा होतो. एवढं साधं कळायला टिचकी मारावी लागत नाही.

या घराला सुरुवातीला माझी गरज नव्हती, हे मी कबूल करते. तेव्हा छप्पर भिंतीच्या दोन हात पुढे आलेलं होतं आणि पाणी थेट रस्त्यात पडायचं. पुढे रस्ता रुंद झाला आणि ते छप्पर कापून भिंतीला टेकवलं. झालं, भिंती ओल्या व्हायला लागल्या. तेव्हा घरातल्या थोरल्या काकांनी पत्रेवाल्याकडून मला वाकवून घेतलं आणि छपराच्या कडेला बसवलं. आज घराचा कारभार बघणारा त्यांचा पुतण्या त्या वेळी पाळण्यात होता. तिथेच राहिला असता तर बरं झालं असतं.

काका दर वर्षी पानगळ संपली की शिडी लावून वर यायचे आणि माझ्यातला कुजका पाला पळीने खरवडून काढायचे. काकू खाली शिडी धरून उभ्या असायच्या.

"अहो, ती चांगली पळी आहे!"

"मग वाईट दे!"

"वाईट गेल्या वर्षी तुम्हीच खाली पाडलीत."

काका काम करताना गाणं म्हणायचे. इतकं बेसूर, की माझ्या पत्र्याला कापरं भरायचं. पण तो माणूस मला आवडायचा. त्यांच्या हाताला पाल्याची किळस नव्हती आणि त्या कामाचं त्यांनी कधी कौतुक करून घेतलं नाही.

काका गेले आणि माझ्यात हात घालणारं कुणी उरलं नाही. पुतण्याचं घरावर प्रेम नव्हतं असं नाही, प्रेम उतू जात होतं. ज्यांना जन्मात पावसाचा थेंब शिवला नाही अशा आतल्या खांबांना तो वर्षातून दोनदा पॉलिश करायचा. दरवाजाला पितळी पाटी लावली, नक्षीवर उजेड पाडणारे दिवे लावले. इकडे मी पाल्याने गच्च भरले. माझ्यात एक रोपटंही उगवलं, तर सूनबाईंनी, म्हणजे त्याच्या बायकोने, "अय्या, किती गोड!" म्हणून त्याचा फोटो काढला. ते उपटावं हे दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. मग मी तुंबले, पाणी काठावरून भिंतीवर उतरलं आणि दोष आला माझ्याच माथी.

त्यातच जुन्या घरांचा एक सल्लागार उगवला. गळ्यात कॅमेरा, बोलणं असं की दर वाक्याला टाळ्यांसाठी थांबायचं. त्याने घराचा सगळ्यात जुना फोटो मागवला, भिंग लावून पाहिला आणि माझ्याकडे बोट दाखवलं, "ही मूळची नाही. काढा. छपराखालची नक्षी झाकतेय."

काकू म्हणाल्या, "अरे, पण ती तुझ्या काकांनी लावलीय. काहीतरी कारण असेल ना?"

"काकू, फोटोत बघ ना. पन्हळ नव्हतीच."

"फोटोत तुझे पणजोबाही उभे आहेत. त्यांनाही आणून उभं करणार का?"

सगळे हसले. फोटोत मी नव्हते हे त्या भिंगवाल्याला दिसलं. त्याच फोटोत छप्पर दोन हात पुढे होतं, ते काही दिसलं नाही. असल्या हुशारीला मी हात जोडते. मला हात नाहीत, तरीसुद्धा जोडते.

आता मी मागच्या अंगणात विटांवर पडून आहे. सूनबाईंनी माझ्यात माती भरून फुलझाडं लावलीत आणि रोज झारीने पाणी घालतात. पाल्यासाठी ज्यांचा हात कधी वर गेला नाही, त्या आता मला फडक्याने पुसतात. पाहुण्यांना कौतुकाने दाखवतात, "टाकाऊतून टिकाऊ!"

इथून बाजूच्या बोळातून घराचा कोपरा दिसतो. छपराचं पाणी सरळ त्या कोपऱ्यातल्या खांबावर उतरतं, खालच्या फरशीवर आपटून परत त्याच्याच पायथ्याला उडतं. पायथा काळा पडलाय. परवा मांजरीने तिथे नखं घासली तर लाकूड ओल्या पावासारखं निघालं. मांजरसुद्धा दचकलं.

त्या खांबावर वरची खोली आहे, काकूंची. त्यांचं दार अडकायला लागलं. सुतार आला, "फुगलंय" म्हणाला, रंधा मारून गेला. पुन्हा अडकलं, पुन्हा रंधा. काल दार उघडेचना. काकू आतून थापा मारत होत्या. पुतण्याने खांद्याने ढकललं तेव्हा त्या बाहेर आल्या, घामाने डबडबलेल्या.

"अरे, दार नाही रे फुगलं. घर खाली बसतंय."

"काकू, जुनं घर आहे, थोडंफार कुरकुरणारच!" तो म्हणाला आणि पॉलिशचा डबा घेऊन दिवाणखान्यात गेला.

मी आयुष्यात कुणापुढे गयावया केली नाही. तुमच्यापुढे तर नकोच वाटतं. पण आभाळ भरून आलंय, म्हणून विनवते. मला परत चढवू नका, माझं काही म्हणणं नाही. वाटलं तर भंगारात द्या आणि माझ्या जागी ती प्लास्टिकची थिल्लर पन्हळ आणून लावा, मी ब्रही काढणार नाही. खांबाचं काय करायचं ते नंतर करा. पण आज काकूंचं अंथरूण खाली आणा.